आईचं गोंदण आणि माझा रिपोर्ट

गेल्या गणपतीत मंडळाच्या शिबिरात रक्त दिलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा; सुईची भीती हेच कारण. फॉर्मवर ‘तपासणीत काही आढळल्यास कळवावे का?’ असा प्रश्न होता. नीट न वाचताच ‘होय’वर टिक केली. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला. बाई म्हणाल्या, “एकदा येऊन भेटा सर. घाबरण्यासारखं काही नाही, पण फोनवर सांगता येत नाही.” हे ऐकून जो घाबरत नाही, त्याला माझा नमस्कार.

हिपॅटायटिस बी, म्हणजे लिव्हरला सूज आणणाऱ्या विषाणूची लागण. मला कधी कावीळ झालेली आठवत नव्हती. समुपदेशक बाईंनी सांगितलं की हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो. सोबत जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने पसरत नाही. रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. दाढीचं ब्लेड आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवायचे. (हे ऐकूनही एका दातांच्या डॉक्टरांनी मला ‘नंतर बघू’ म्हणून वाटेला लावलं. जाऊ दे.)

मग तपासण्यांची माळ लागली: ई-अँटिजेन (विषाणू जोरात वाढतोय का), एसजीपीटी (लिव्हरला इजा होतेय का), व्हायरल लोड (रक्तात विषाणू किती), सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय). फायब्रोस्कॅनमध्ये बरगड्यांच्या फटीत टिचक्या मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. माझा व्हायरल लोड अगदी कमी निघाला, लिव्हर नरम. “औषध नको. दर सहा महिन्यांनी या, कायम,” डॉक्टर म्हणाले. आणि पुढे, “घरच्या सगळ्यांना घेऊन या. आईला आधी.”

माझा खरा अनुभव इथून सुरू होतो.

आई अडुसष्ट वर्षांची, साताऱ्याकडच्या खेड्यातली. ओपीडीत डॉक्टरांनी तिचा हात उलटा-सुलटा करून पाहिला. मनगटावर हिरवट तुळशीवृंदावन, हनुवटीवर तीन ठिपके. “किती वर्षांच्या होता तुम्ही?” “सात-आठ. गोंदणारीण जत्रेत बसायची. एकच सुई, सगळ्या पोरींना.” मग गावातल्या डॉक्टरांची काचेची सिरिंज निघाली, पितळी डबीत उकळलेली, कधी उकळलेली, कधी नुसती पाण्यातून काढलेली. तिच्या थोरल्या भावाला कावीळ झाली, तेव्हा चुन्याच्या पाण्यात हात धुऊन ‘उतरवली’ होती, तेही तिने मोठ्या उत्साहाने सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. यातलं नेमकं कशातून आलं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, म्हणाले.

आई पॉझिटिव्ह निघाली. एसजीपीटी वाढलेलं, व्हायरल लोड लाखांत. धाकटा भाऊही पॉझिटिव्ह. बायको निगेटिव्ह, तिचे लशीचे तीन डोस लगेच सुरू झाले. माझी मुलगी, जन्म २०१३, निगेटिव्ह. वर लशीमुळे आलेली अँटिबॉडीही चांगली.

चार रिपोर्ट टेबलावर ओळीने ठेवून डॉक्टरांनी समजावलं. जन्मताच लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा राहतो. मोठेपणी झाली, तर शंभरात पाचांहून कमी जणांत. म्हणून सगळा खेळ जन्माच्या पहिल्या दिवशीच्या लशीचा. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेकनिक्सने देशी लस आणेपर्यंत परदेशी लस आमच्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरच होती. सरकारी लसीकरणात ती २००२च्या सुमारास काही शहरांत-जिल्ह्यांत आली आणि २०११ नंतर देशभर. “चाळिशी-पन्नाशीचे पेशंट रोज येतात,” ते म्हणाले. “तुमच्या मुलीच्या वयाचे फार कमी.” जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये देशात २ कोटी ९८ लाख लोकांना ही जुनाट लागण होती. हा आकडा मी आधी वाचला असता, तर पान उलटलं असतं.

आईचे उपचार सरकारी केंद्रात चालू आहेत. २८ जुलै २०१८ला सुरू झालेल्या हिपॅटायटिसच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि विषाणूला दाबून ठेवणाऱ्या टेनोफोविरच्या गोळ्या मोफत आहेत. केसपेपर काढायला सकाळी आठला रांगेत उभं राहावं लागतं, तेवढंच. पहिल्या दिवशी रांगेत ती हळूच म्हणाली, “म्हणजे तुम्हा दोघांना माझ्यापासूनच गेलं का रे?” मी म्हटलं, “तुला तरी कुठे माहीत होतं आई?” ती काही बोलली नाही. पिशवीतून भाकरी-चटणीचा डबा काढला, अर्धी भाकरी मला दिली, मग एकदम हात मागे घेतला. मी तिच्याच हातातून घेऊन खाल्ली.

घरी आल्यावर तिने नातीचं लसीकरणाचं कार्ड मागितलं. चष्मा लावून पहिल्या ओळीवरचा शिक्का बघत राहिली: हिपॅटायटिस बी, जन्मतः. मग ते कार्ड स्वतःच्या केसपेपरच्या प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवलं. तिथेच आहे अजून. शाळेने मागितलं की तिच्याकडून मागून घ्यावं लागतं.