फ्युएल पंप घरी बदलताना: आधी मीटर, मग पाना

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास गेला, की पेट्रोल गाड्यांची एक तक्रार हमखास येते. सकाळी गाडी झकास चालते, दुपारी चढाला गचके देते, बंद पडते आणि सावलीत अर्धा तास उभी केली की पुन्हा चालू होते. माझ्या हॅचबॅकने चाळीसगावकडून कन्नड घाट चढताना हेच सुरू केलं. पंप टाकीतल्या पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. रिझर्व्हवर गाडी पळवायची सवय असेल तर पंपाची मोटर तापते, तिच्या आत वीज पोचवणारे ब्रश आणि कम्युटेटर झिजतात. आपल्याकडच्या उन्हात तर जास्तच.

पण गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे पंपच गेला, असं नाही. इंजिनचं फिरणं ओळखणारा क्रँक सेन्सरही गरम झाल्यावरच दगा देतो. सेल मारताना आरपीएमचा काटा जरासुद्धा हलत नसेल, तर आधी सेन्सरकडे बघावं. काटा हलतोय, स्पार्क येतोय, तरी इंजिन धरत नाही, तेव्हा संशय पेट्रोलवर. चावी ऑन केल्यावर मागून साधारण दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू यायला हवी. ती नसेल तर फ्यूज बघायचा, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) त्याच नंबरच्या दुसऱ्या रिलेशी (बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा चालतो) अदलाबदल करून बघायचा. मग पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लावायचा. त्या दोन सेकंदांत बॅटरीइतका, म्हणजे १२ च्या आसपास व्होल्टेज मिळालं पाहिजे. मी कनेक्टर लावलेलाच ठेवून मागच्या बाजूने पिन टोचून मोजतो, कारण लोड नसताना जळकी वायरसुद्धा १२ दाखवते. अर्थ वायरही अशीच तपासायची. व्होल्टेज पुरेसं आणि प्रेशर गेजवर मात्र कमी (अशा गाड्यांत सहसा ३ ते ३.५ बार हवं, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये), असं निघालं तर दोष पंपाचा, किंवा पेट्रोल गाळणारी त्याची जाळी चोंदलेली. इतकी खात्री झाल्यावरच सीट उचलली.

काम पहाटे, उघड्या अंगणात. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद गॅरेजमध्ये नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खालीच साचते. टाकी पाव भागापेक्षा कमी. जवळ पावडरचं अग्निशामक आणि वाळूची बादली. इंजिन चालू ठेवून पंपाचा फ्यूज काढायचा, ते आपोआप बंद पडलं की पुन्हा थोडा सेल मारायचा, म्हणजे लाइनमधलं प्रेशर उतरतं. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची.

मागच्या सीटची बैठक उचलली की पत्र्याचं झाकण दिसतं. ते काढल्यावर पंपाच्या माथ्यावर काळ्या मातीचा थर असतो. शेतरस्त्यावर चालणाऱ्या गाडीत तो बोटभर निघतो, आणि हीच धूळ टाकीत पडली तर नव्या पंपाची जाळी महिनाभरात बुजेल. म्हणून आधी ब्रश, मग ओलं फडकं, आणि मगच कनेक्टर व पाइप. पाइपच्या क्लिपचे दोन्ही कान दाबून ओढायचं, खाली चिंधी धरायची, थोडं पेट्रोल सांडतंच. पंपाला टाकीवर धरून ठेवणारी रिंग बोल्टची असेल तर सोपं. प्लॅस्टिकची आट्याची असेल तर पट्ट्याचा पाना किंवा लाकडी ठोकळा वापरावा. पोलादी छिन्नी-हातोडीने ठिणगी उडू शकते.

उचलण्याआधी पंपाची दिशा मार्करने टाकीवर खुणावून घेतली. बाहेर काढताना तिरका करावा लागतो, नाहीतर पेट्रोलची पातळी दाखवणाऱ्या फ्लोटची तार वाकते आणि पेट्रोलचा काटा कायमचा खोटं बोलतो. टाकीत टॉर्चने बघा. तळाशी गाळ किंवा पाण्याचे थेंब असतील तर हातपंपाने उपसा, तोंडाने ओढू नका. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी शोषतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला वेगळं होतं.

पूर्ण असेंब्ली घ्यायची की नुसती मोटर? मोटर स्वस्त पडते, पण आतली नळी पेट्रोलमध्ये बुडवून चालेल अशीच हवी. साधी रबरी नळी फुगून निसटते आणि प्रेशर आतल्या आतच गळतं. नायलॉनची नळी बसत नसेल तर टोक गरम पाण्यात धरावं, लायटरने नाही. मोटरबरोबर जाळी नवी घालावीच. जुन्या कनेक्टरच्या पिना काळ्या पडल्या असतील तर तोही बदला, नाहीतर नवा पंपही कमी व्होल्टेजवर रखडत चालेल. ओ-रिंग, म्हणजे पंप आणि टाकीमधलं गोल रबरी सील, जुनी परत वापरायची नाही. पेट्रोल पिऊन ती फुगलेली असते, खाचेत बसत नाही.

बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळत नेले. बॅटरी जोडल्यावर लगेच सेल न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ केली, म्हणजे लाइन भरते. झाकण उघडंच ठेवून इंजिन चालवलं आणि जोडावर कोरडा कागद फिरवला. कागद कोरडा राहिला, तरी मी सीट पक्की करत नाही. ओ-रिंग नीट बसली की नाही, हे टाकी गळ्यापर्यंत भरल्यावरच कळतं. एकदा फुल टँक करून, वळणावळणाच्या रस्त्याने चक्कर मारून यायचं, सीटखाली हात आणि नाक दोन्ही घालून बघायचं, आणि मगच झाकणाचे स्क्रू लावायचे.