चार सेकंद

“एक, दोन, तीन, चार… गेला!”

टेबलाखाली टॉर्च धरून बसलेली माझी लेक मोठ्यानं मोजत होती. तिला कुणी मोजायला सांगितलं नव्हतं. मी कॉम्प्युटरचं बटण दाबलं की पंखे फिरायचे, समोरचा निळा दिवा लागायचा आणि सगळं एकदम शांत व्हायचं. तिनं तीन वेळा मोजलं आणि तिन्ही वेळा ती चारवर थांबली. मी ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. पुढचे साडेतीन तास त्यातच गेले.

मी पुस्तकांची पानं लावते. हा डेस्कटॉप ९ वर्षांपूर्वी सुटे भाग आणून मीच जोडला. मध्ये रॅम वाढवली, जुनी डिस्क काढून एसएसडी बसवली, बाकी सगळं तेव्हाचंच आहे. त्या संध्याकाळी ३१२ पानांच्या एका पुस्तकाची शब्दसूची लावायचं काम चालू होतं. मान खाली घालून छापील प्रुफावरच्या दुरुस्त्या वाचत होते. वर पाहिलं तर स्क्रीन काळी, आणि कॅबिनेटचा नेहमीचा घूं घूं आवाजही नाही. लेक शेजारीच बसली होती. म्हणाली, “आई, तो आधी ‘शटिंग डाऊन’ म्हणाला आणि मग गेला.” मला वाटलं, तिची बघण्यात गल्लत झाली असेल. अचानक गेलेलं यंत्र निरोप घेऊन कसं जाईल?

आधी बाहेरचं तपासलं. त्याच सॉकेटला टेबलावरचा दिवा लावून पाहिला, तो नीट लागला. यूपीएस मधून काढून कॅबिनेट थेट भिंतीला जोडलं. मॉनिटरची वायर आणि कॅबिनेटची वायर एकाच प्रकारची असते, म्हणून ती अदलाबदल करून पाहिली. काही फरक नाही.

मग मागचं स्विच बंद करून, वायर काढून, कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा उघडला. टॉर्चच्या उजेडात लगेच दिसलं की प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, चार पिनांपैकी एक वर आलेली आहे. चोर सापडला, असं मनात म्हटलंसुद्धा. हीटसिंक काढलं, त्या दोघांमधली उष्णता वाहून नेणारी, वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली, पंख्यातली धूळ ब्रशनं काढली, चारही पिना टक् आवाज येईपर्यंत दाबल्या. अर्धा-पाऊण तास गेला. सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. बंद.

ते काम करायलाच हवं होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. पण आता मला कळतं की उष्णतेचा संशय तेव्हाच सोडायला हवा होता. प्रोसेसर तापला तर आधी स्वतःचा वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर शेवटचा उपाय म्हणून बंद पडतो. शिवाय उष्णतेमुळे बंद पडणारं यंत्र दर वेळी सारखं वागत नाही. थंड असताना जास्त वेळ चालतं, आणि लगेच पुन्हा सुरू केलं तर आधीपेक्षा लवकर जातं. माझं यंत्र तासभर थंड होऊनही तेवढ्याच वेळात गेलं होतं.

पुढचा संशय एसएमपीएसवर, म्हणजे भिंतीतली वीज यंत्राच्या भागांना हवी तशी करून देणाऱ्या डब्यावर. अशा वेळी ज्याला विचारावं तो पहिलं वाक्य हेच बोलतो: “एसएमपीएस गेला असेल, बदलून टाका.” बऱ्याचदा ते खरंही असतं. पण न मोजता बदलून टाकणं मला पटत नाही, कारण चुकीचा भाग बदलला तर नवा भाग लावूनही प्रश्न तिथेच राहतो आणि संशय आणखी पसरतो.

एसएमपीएसची चाचणी साधी आहे. तो पूर्ण सुटा करायचा, म्हणजे मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड), डिस्क, ग्राफिक्स कार्ड, कशालाही जोडलेला ठेवायचा नाही. २४ पिनांच्या मोठ्या कनेक्टरमध्ये हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची कुठलीही काळी वायर पेपरक्लिपनं जोडायची, आणि त्यानंतरच मागचं स्विच चालू करायचं. हिरवी वायर काळीला टेकली की एसएमपीएसला वाटतं, मदरबोर्डनं ‘सुरू हो’ म्हटलं. त्याचा पंखा फिरू लागला आणि फिरतच राहिला. व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावला. पिवळ्या वायरवर १२.१ व्होल्ट, लाल वायरवर ५.०६, नारिंगीवर ३.३२. यांना ५ टक्के वर-खाली चालतं, म्हणजे १२ व्होल्टच्या वायरवर ११.४ ते १२.६ यांच्या मधलं काहीही ठीक. जांभळ्या वायरवर यंत्र बंद असतानाही ५ व्होल्ट असतात, तेही होते. करड्या वायरवरही ५ व्होल्ट आले. ती वायर म्हणजे एसएमपीएसनं बोर्डाला दिलेली ग्वाही असते की बाकीचे व्होल्टेज आता स्थिर झाले आहेत.

या चाचणीत एसएमपीएसवर भार जवळजवळ नसतो. त्यामुळे इथे नापास झालेला एसएमपीएस नक्की गेलेला, पण पास झालेला नक्की चांगला, असं म्हणता येत नाही. आणि एसएमपीएसचा डबा मात्र कुणीही उघडू नये. आत वीज साठवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही वेळ टिकून राहतात. लेकीला मी हे त्याच वेळी बजावून सांगितलं.

मग एकेक भाग काढत गेले. ग्राफिक्स कार्ड काढलं, दोन्ही डिस्क सोडवल्या, रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी आधी एक काढली, मग दुसरीही. रॅम मुळीच नसेल तर बोर्ड तक्रार करतो, छोटा स्पीकर जोडलेला असेल तर बीप देतो, पण वीज तोडत नाही. माझ्या बोर्डानं बीप दिली आणि बरोब्बर चौथ्या सेकंदाला तो गेला. बोर्डवरचे कपॅसिटर पाहिले. त्यांची टोपी फुगली असेल किंवा चिकट तपकिरी काही बाहेर आलं असेल तर तो बोर्ड म्हातारा झाला असं समजावं. सगळे सपाट होते.

रात्रीचे साडेनऊ झाले होते. सगळे भाग जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलेले, आणि मी भिंतीला टेकून बसलेली. पुन्हा प्रयत्न करावा म्हणून एसएमपीएसचं मागचं स्विच चालू केलं, आणि पंखे फिरू लागले. बटणापासून माझा हात चांगला हातभर लांब होता.

वीज आली की यंत्रानं आपोआप सुरू व्हावं, असं एक सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डातल्या मूळ प्रोग्राममध्ये, असतं. पण ते मी बंद ठेवते. वीज गेली-आली की यंत्र आपल्या मनानं सुरू झालेलं मला आवडत नाही. मग याला सुरू व्हायला सांगितलं कुणी?

तेवढ्यात लेकीनं पुन्हा मोजायला सुरुवात केली होती. “एक, दोन, तीन, चार…”

चार सेकंद! यंत्र गोठलं की आपण सगळेच काय करतो? बटण दाबून धरतो. आणि किती वेळ धरतो?

फार जुन्या, एटी पद्धतीच्या कॅबिनेटमध्ये समोरचं बटण खरंच मुख्य वीज तोडायचं आणि जोडायचं. १९९५ मध्ये इंटेलनं एटीएक्स रचना आणली, तेव्हापासून हे बटण फक्त बोर्डाला विनंती करतं. बटणातून मुख्य वीज वाहतच नाही. दोन बारीक वायरी क्षणभर एकमेकींना टेकतात, एवढंच. १९९६ मध्ये आलेल्या एसीपीआय मानकानं त्या विनंतीचे अर्थ ठरवले. बटण क्षणभर दाबलं तर विंडोजला निरोप जातो आणि ते सभ्यपणे बंद होऊ लागतं. चार सेकंदांहून जास्त दाबून धरलं तर विंडोजला न विचारता बोर्ड स्वतःच वीज तोडतो.

माझं यंत्र बंद पडत नव्हतं, ते आज्ञा पाळत होतं. कुणीतरी त्याचं बटण दाबून धरलं होतं.

बोर्डच्या कोपऱ्यातल्या पिनांवरून पॉवर बटणाचं दोन पिनांचं कनेक्टर काढलं. रॅम परत बसवली, आणि त्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखे फिरले. चार झाले, दहा झाले, लेकीनं साठपर्यंत मोजलं. यंत्र चालूच!

दोन टोकं एकमेकांना जोडलेली असली की मल्टिमीटर वाजतो, तसा तो बीपवर ठेवून बटणाच्या दोन वायरींना लावला. बटण न दाबताही तो वाजत होता. मग सकाळची गोष्ट आठवली. केर काढताना कॅबिनेट बाहेर ओढलं होतं आणि परत ढकलताना पुढच्या प्लास्टिकच्या पट्टीला धरून ढकललं होतं. त्या पट्टीची वरची एक खीळ निसटली होती, आणि बटणाचा प्लास्टिकचा दांडा आतल्या छोट्या स्विचवर कायमचा रेललेला होता. दिवसभर तो अगदी काठावर असणार. संध्याकाळी कधीतरी माझा पाय कॅबिनेटला लागला असेल.

विंडोज सुरू झाल्यावर त्याची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडला. सिस्टीमच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ होतीच. ती नोंद बघून पुष्कळ जण घाबरतात, पण यंत्र नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. कारण सांगत नाही. मात्र तिच्या तपशिलात ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ नावाचा एक आकडा असतो. बटणाचा संबंध नसेल तेव्हा तिथे शून्य असतं. माझ्याकडे भलामोठा आकडा होता. लेकीनं पाहिलेलं ‘शटिंग डाऊन’ अगदी खरं होतं. बटण दाबलं गेल्यावर विंडोजनं निरोप वाचला, आवराआवर सुरू केली आणि ती पुरी व्हायच्या आत चार सेकंद संपले. मी तिला तसं सांगितलं आणि तिचं म्हणणं उडवून लावल्याबद्दल माफी मागितली.

म्हणून आता कुणी मला “कॉम्प्युटर चालू राहत नाही” असं सांगितलं, की मी आधी विचारते, किती वेळ राहतो? घड्याळ लावून, चार-पाच वेळा मोजून सांग. पंखा जेमतेम अर्धा फेरा फिरून थांबत असेल तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएस स्वतःला वाचवतो आहे. बोर्डखाली सुटा पडलेला स्क्रू किंवा बोर्डाला आधार देणारा पण चुकीच्या जागी बसवलेला पितळी खुंटदेखील हे करू शकतो. नुकतंच काही उघडलं असेल आणि यंत्र काही सेकंदांत जाऊन-येऊन करत असेल तर प्रोसेसरला वीज देणारं ४ किंवा ८ पिनांचं वेगळं कनेक्टर आणि रॅमची बैठक बघावी. काही मिनिटांनी जात असेल तर हीटसिंक आणि पंखे. एरवी दिवसभर चालून फक्त जड कामाला बसलं की जात असेल तर थकलेल्या एसएमपीएसवर संशय घ्यावा. आणि दर वेळी घड्याळ लावल्यासारखं चार-पाच सेकंदांनी जात असेल तर काहीही विकत घ्यायच्या आधी बटणाची ती दोन पिनांची वायर काढून पाहावी.

पट्टीची खीळ पुन्हा बसवली, पण आतला छोटा स्विच आता मऊ पडला आहे. दहा वेळा दाबला तर एक-दोनदा अडकतोच. त्यामुळे रीसेट बटणाची वायर काढून मी पॉवरच्या पिनांवर लावली. दोन्ही स्विच एकाच जातीचे, त्यामुळे बोर्डाला काही फरक पडत नाही.

शब्दसूचीची शेवटची अडीच पानं जतन झाली नव्हती. ती त्याच रात्री पुन्हा लावली. मोठ्या पॉवर बटणावर लेकीनं कागदाचा तुकडा चिकटवला आहे. त्यावर खाली दाखवणारा बाण आहे, रीसेटच्या बटणाकडे, आणि बाणाखाली तिच्या अक्षरात ‘इथे’.