तुम्ही विचारलंत म्हणून: पाण्याचा क्वाड्रुपोल मोमेंट खरा किती?

नाशिकमध्ये एमएस्सीची मुलं दरवर्षी विचारतात, "सर, पुस्तकात एक आकडा, प्रोग्राममध्ये दुसरा. खरा कोणता?" दोन्ही खरे असू शकतात म्हटलं की त्यांना मी टाळतोय असं वाटतं. टाळत नाही.

त्र्यंबकेश्वर नाशिकपासून किती लांब, असं विचारलं तर आधी ठरवावं लागतं: सीबीएस बसस्थानकापासून की रामकुंडापासून? तसंच इथं आहे. रेणूत भार कसा पसरलाय हे सांगणारे आकडे म्हणजे मोमेंट: आधी एकूण भार, मग डायपोल (धन आणि ऋण भार एकमेकांपासून किती सरकलेत), मग क्वाड्रुपोल (भाराचा पसारा गोलाकारापासून किती वेगळा). ते एका आरंभबिंदूपासून मोजतात. जो मोमेंट सर्वात आधी शून्याहून वेगळा येतो, तेवढाच आरंभबिंदू कुठेही घेतला तरी बदलत नाही. कार्बन डायऑक्साइडवर भार नाही, डायपोलही नाही. म्हणून त्याचा क्वाड्रुपोल सुमारे −४.३ डिबाय-अँगस्ट्रॉम (डिबाय हे डायपोलचं एकक, अँगस्ट्रॉम लांबीचं), बिनधास्त सांगा. पाण्याला मात्र १.८५ डिबायचा डायपोल आहे, आणि तोच घोळ करतो.

हिशोब करूनच पाहा. सममिती-अक्ष म्हणजे z, दिशा ऑक्सिजनकडून हायड्रोजनकडे. क्वाड्रुपोलचा z-दिशेचा घटक Θzz, वस्तुमानकेंद्रापासून मोजलेला, सुमारे −०.१३ डिबाय-अँगस्ट्रॉम. आरंभबिंदू अक्षावर d ने सरकवला की उदासीन रेणूसाठी नवा Θzz = जुना − २dμ (μ म्हणजे डायपोल). ऑक्सिजन वस्तुमानकेंद्राच्या मागे ०.०६६ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे d = −०.०६६. बदल +०.२४. उत्तर +०.११! आरंभबिंदू केसभर हलला आणि चिन्हच उलटलं. आरंभबिंदू न लिहिता आकडा देणं मला चूकच वाटतं, आणि पूर्वी मीही तसाच देत होतो.

दुसरी अडचण व्याख्येची. वरचे आकडे ज्या व्याख्येतले, त्या शास्त्रज्ञ बकिंगहॅमच्या व्याख्येत ½ असतो, काही पुस्तकांत नसतो. आकडा थेट दुप्पट. काही प्रोग्राम नुसते दुसरे मोमेंट छापतात (Qzz म्हणजे भार × z² यांची बेरीज, तसेच Qxx, Qyy), त्यांतून Θzz = ½(२Qzz − Qxx − Qyy) असा काढावा लागतो.

क्वांटममध्ये बिंदुभारांची बेरीज जाऊन केंद्रकांची बेरीज वजा इलेक्ट्रॉन-घनतेचं इंटिग्रल येतं. पण केंद्रकं जागेवर धरून! मोकळ्या रेणूच्या निश्चित पॅरिटीच्या अवस्थेत (सगळ्या दिशा उलटवल्या की तरंगफलन तेच राहतं किंवा फक्त चिन्ह बदलतं) डायपोलचं सरासरी मूल्य शून्य; J = ० मध्ये, म्हणजे रेणू फिरत नसताना, तर क्वाड्रुपोलचंही. १.८५ हा रेणूला जोडलेल्या अक्षांतला आकडा, स्टार्क परिणामातून (विद्युतक्षेत्रात वर्णरेषा सरकण्यातून) मागे काढलेला. मग 'कायमचा डायपोल' हा शब्द बरोबर की नाही? वर्षानुवर्षं बरोबर म्हणत आलो. आज फळ्यावर तो लिहिताना पुढे 'रेणूच्या अक्षांत' जोडतो, आणि तेवढंही पुरतं असं वाटत नाही.