एकविसाव्या वर्षी वल्हं

गुरुवार, रात्री

हेलन ग्लोव्हर. ब्रिटनची रोइंगपटू, म्हणजे वल्ही मारून होड्यांची शर्यत खेळणारी. २०१२ च्या लंडन आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्ण, २०२४ ला पॅरिसमध्ये रौप्य. पदकं मोठी आहेतच, पण मला धरून ठेवते ती तिची सुरुवात. माझ्यासारखीच ती शाळेत खेळ शिकवायची. हॉकी, क्रॉसकंट्री असं बरंच काही खेळलेली, पण रोइंग कधीच नाही. ते तिनं सुरू केलं २००८ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. आणि १ ऑगस्ट २०१२ ला तिच्या गळ्यात सुवर्णपदक होतं. त्या स्पर्धेतलं ब्रिटनचं पहिलं सुवर्ण, आणि रोइंगमध्ये ब्रिटनच्या बायकांना मिळालेलं आजवरचं पहिलं.

चार वर्षांत हे झालं कसं? ऑलिंपिक लंडनला होणार म्हटल्यावर ब्रिटननं २००७ मध्ये ‘स्पोर्टिंग जायंट्स’ नावाची शोधमोहीम काढली. उंच आणि खेळाची सवय असलेल्या तरुण मुलामुलींनी यावं, कुठला खेळ जमेल ते आम्ही बघतो. मुलींसाठी उंचीची अट १८० सेंटीमीटर. हेलन जराशी कमी पडत होती, म्हणून मोजताना तिनं टाचा उचलल्या. हे तिनंच सांगितलेलं आहे. मला त्या टाचांचं फार कौतुक वाटतं.

आमच्याकडे एकविसाव्या वर्षी मुलीचं खेळणं संपलेलं असतं. संपतं म्हणजे कुणी बंद करतं असंही नाही. बारावी होते, ग्राउंड सुटतं, सकाळी उठून पळायला कारण उरत नाही. सांगलीत खेळाचं वातावरण नाही असं कुणी म्हणू नये. स्मृती मानधना इथंच वाढली. संकेत सरगर इथलाच, २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं वेटलिफ्टिंगचं रौप्य आणलं. पण लहानपणी हाती लागली नाही ती मुलगी आपल्या हिशेबातच नसते. ‘आता उशीर झाला’ हे वाक्य मी शिक्षकांच्या खोलीत इतक्या वेळा ऐकलंय की आता ते ऐकलं की अंगावर काटा येतो.

आज दुपारी अकरावीतल्या एका मुलीची आई भेटायला आली होती. मुलगी पाच फूट नऊ इंच, हात गुडघ्याकडं पोचतील असे लांब, खो-खोत वाकून वाकून पाठ धरते बिचारीची. आई म्हणाली, “बाई, उंची थांबंना झालीया हिची. हिच्या मापाचं पोरगं आणायचं कुठनं?” हसत म्हणाली, पण काळजी खरी होती. मुलगी शेजारी खांदे पाडून उभी. उंच मुली सगळ्या अशाच उभ्या राहतात, आणि ते बघवत नाही मला.

मी मोबाईलवर पॅरिसची शर्यत लावून दिली. चौघींची बोट, त्यात हेलन, अडतीस वर्षांची. शेवटच्या टप्प्यात त्या आणि नेदरलँड्सच्या चौघी अगदी बरोबरीनं, आणि ०.१८ सेकंदानं सुवर्ण हुकलं. मुलगी पुढं सरकली. “बाई, ह्या उलट्या का बसल्यात?” मग मी सांगत बसले. रोइंगमध्ये पाठ पुढं करूनच बसतात, शेवटची रेषा दिसतच नाही. बसायची जागा रुळावर सरकते, पाय फळीवर बांधलेले, आणि खरा जोर दंडाचा नसून मांड्यांचा. लांब पाय म्हणजे वल्ह्याची लांब ओढ. आपल्या उंचीचा काही उपयोग असतो हे त्या पोरीनं बहुधा पहिल्यांदाच ऐकलं.

लंडन आणि रिओला हेलनसोबत होती हेदर स्टॅनिंग, ब्रिटिश सैन्यातली अधिकारी. दोघींच्या बोटीत दोघींना एकेकच वल्हं, एकीचं डावीकडं, दुसरीचं उजवीकडं. एकीनं जास्त ओढलं की बोट वळलीच. बैलजोडीसारखं, एक जोरात आणि एक मागं असलं की तास वाकडा जातो. २००० मीटर, सात मिनिटांच्या आसपास, आणि तेवढा वेळ दोघींचा श्वाससुद्धा एका मापात हवा. २०१३ मध्ये हेदर अफगाणिस्तानात ड्यूटीवर गेली, तर हेलननं पॉली स्वॉनबरोबर विश्वविजेतेपद मिळवलं. हेदर परत आली, जोडी पुन्हा जुळली, रिओचं सुवर्णही आलं. नोकरीसाठी खेळ थांबवून परत येता येतं, हे आमच्या पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना सांगायला हवं.

ऑलिंपिकमध्ये बायकांचं रोइंग आलंच १९७६ ला, माँट्रियलला. तेही १००० मीटर, पुरुषांना २०००. बायकांना २००० मिळायला १९८८ उजाडलं.

रिओनंतर हेलन थांबली. लग्न, २०१८ ला मुलगा, २०२० च्या जानेवारीत जुळी. लॉकडाऊनमध्ये पोरं झोपली की ती घरातल्या रोइंग मशीनवर बसायची. त्यातून २०२१ ला युरोपचं सुवर्ण, टोकियोत चौथा नंबर, आणि मग पॅरिस. आई झाल्यावर ऑलिंपिकला गेलेली ब्रिटनची ती पहिली रोइंगपटू. हे ऐकून मुलीची आई म्हणाली, “पोरं झोपल्यावर ही मशीनवर. मंग ही झोपायची कधी?” याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण प्रश्न बरोबर होता. घरचे उभे राहिले नाहीत तर हे होत नाही, आणि आपल्याकडं ते उभं राहणं मुलाच्या वाट्याला आधी येतं.

आपल्याकडचं उदाहरण म्हणून मी दत्तू भोकनळचं सांगते. चांदवडकडचा, विहिरी खोदायच्या कामावर जाणारा, पाण्याला घाबरणारा मुलगा. २०१२ ला सैन्यात गेला, तिथं त्याची उंची कुणाच्या तरी डोळ्यात भरली आणि २०१६ ला तो रिओत सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, उतरला. त्याचीही चारच वर्षं. पण तेव्हा मुलींना जवान म्हणून सैन्यात भरतीच नव्हती. म्हणजे तेवढ्याच उंचीची त्याची बहीण असती तर तिला कुणी बघितलंही नसतं.

आणि आम्ही तर कृष्णाकाठचे. पाणी चढलं की सांगलीत होड्यांच्या शर्यती लागतात, घाटावर आणि आयर्विन पुलावर माणूस मावत नाही. मी बघितल्या त्यांत वल्ही मारणारे सगळे बाप्ये. बायका काठावर, ओरडायला. २०१९ च्या पुरात मात्र होडीत बसायची भीती कुणालाच परवडली नाही. नदीत मगरी आहेत, पावसाळ्यात ओढ फार आहे, त्यामुळं उद्यापासून मुलींना कृष्णेत उतरवा असं मी म्हणणार नाही. सुरुवात मशीनवर, जमिनीवर होते. रोइंगची खरी सोय जवळ म्हणजे पुण्यातच.

शनिवारी पाचवा तास माझाच आहे. नववी ते बारावीच्या सगळ्या मुलींची उंची आणि दोन्ही हात पसरून होणारं माप वहीत उतरवायचं. चपला काढून, पाठ भिंतीला. कुणी टाचा उचलल्या तर उचलू देत. पुण्याला फोन करून एका दिवसासाठी मशीन बघायला मिळेल का ते विचारायचं, आणि दुपारच्या त्या आईला सोबत न्यायचं. तिनं तिकिटाचं विचारलं होतं. एसटीला बायकांना अर्धं आहे, म्हटलं तिला.