रीमिक्स म्हणताय, पण उचललंय काय?

एकाच गाण्याच्या ‘रीमिक्स’ असं नाव दिलेल्या चार फाइल्स समोर घ्या. पहिलीत मूळ रॅपरचा आवाज तोच, खालची बीट नवी. दुसरीत बीट तीच, रॅप भलत्याच पोराचा. तिसरीत सगळं जसंच्या तसं, फक्त शेवटी कुणीतरी सोळा बार, म्हणजे रॅपच्या साधारण सोळा ओळी, वाढवलेत. चौथी ऐरोलीतल्या हळदीत वाजलेली: वेग वाढवलाय, खाली बेंजो आणि ढोलकी घातलीय, आणि दर आठ बारला डीजेच्या नावाचा टॅग. चौघांना आपल्याकडे एकच शब्द, पण क्रेडिट चौघांचं वेगवेगळं लागतं.

म्हणून नाव लिहायच्या आधी बघायचं ते हे, की आपण नेमकं काय उचललंय. गाण्यात तीन वस्तू असतात: शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग. 1957चा कॉपीराइट कायदा तिन्ही वेगळ्या मोजतो. ‘संगीत’ म्हणताना त्यात शब्द धरलेलेच नाहीत. शब्दांचा कर्ता गीतकार, संगीताचा संगीतकार, रेकॉर्डिंगचा कर्ता निर्माता. कव्हरमध्ये तुम्ही शब्द आणि संगीत घेता, रेकॉर्डिंग नवं करता. रीमिक्समध्ये रेकॉर्डिंगच घेता, निदान त्यातला आवाज तरी. एआयच्या टूलनं गाण्यातून आवाज वेगळा काढला म्हणून तो तुमचा होत नाही. ते मूळ रेकॉर्डिंगच राहतं.

रॅपमध्ये हे गणित एका शब्दापायी बिघडतं: प्रोड्युसर. कायद्यातला प्रोड्युसर (वरचा ‘निर्माता’) म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून रेकॉर्डिंग घडवलं तो. तो लेबल, म्हणजे म्युझिक कंपनी, असेल, नाहीतर स्टुडिओचे पैसे भरणारा रॅपर स्वतः. हिपहॉपमधला प्रोड्युसर म्हणजे बीट बनवणारा, म्हणजे मराठीत सरळ संगीतकार. होतं काय, की डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे गाणं अ‍ॅप्सवर चढवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर ‘कंपोझर’च्या रकान्यात रॅपर स्वतःचं नाव टाकतो आणि बीटमेकरला गाण्याच्या नावापुढे ‘प्रॉड. बाय’ देऊन मोकळा होतो. दिसायला क्रेडिट दिलंय. प्रत्यक्षात संगीतकाराच्या वाट्याची रॉयल्टी ज्या नोंदीवरून वाटली जाते, तिथं त्याचं नावच नाही. आयपीआरएसला, म्हणजे गीतकार-संगीतकार-प्रकाशकांच्या संस्थेला, ‘प्रॉड. बाय’शी काही देणंघेणं नसतं.

एक उदाहरण पुरतं भरून बघू. समजा, घणसोलीच्या एका रॅपरनं ‘खाडीपार’ नावाचं गाणं केलंय आणि ठाण्याच्या डीजेला त्याचं रीमिक्स करायचंय. रॅपरनं स्टेम्स, म्हणजे आवाज आणि वाद्यांच्या सुट्या फाइल्स, दिलेत, परवानगी लेखी आहे. मग फॉर्म असा भरायचा:

गाण्याचं नाव: खाडीपार (अमुक डीजे रीमिक्स)
मुख्य कलाकार: मूळ रॅपर
रीमिक्सर: डीजे
गीत: मूळ रॅपर, खऱ्या पूर्ण नावानं
संगीत: मूळ बीटमेकर, डीजेनं नवी चाल बांधली असेल आणि मूळ मंडळींनी वाटा मान्य केला असेल, तरच डीजेही
पी-लाइन (रेकॉर्डिंगच्या हक्काची ओळ): या नव्या रेकॉर्डिंगचा मालक, आणि वर्ष नव्या रेकॉर्डिंगचं

गीत-संगीताच्या रकान्यात स्टेजवरचं नाव लिहायचं नाही. तिथं खरं पूर्ण नाव लागतं, कारण संस्थेकडची नोंद त्या नावावर असते. मुख्य कलाकार निवडताना त्याच्या प्रोफाइलची लिंक किंवा आयडी द्या. नुसतं नाव टाइप केलं आणि स्पेलिंगमध्ये एक अक्षर हललं, की त्याच नावाच्या तिसऱ्याच माणसाच्या पानावर गाणं जाऊन बसतं.

रीमिक्सचा आयएसआरसी नवाच हवा. हा रेकॉर्डिंगचा 12 अक्षर-अंकांचा नंबर: आधी देश, मग नोंदणीदार, मग वर्षाचे 2 अंक, शेवटी 5 अंकांचा क्रम. मूळ गाण्याचा नंबर रीमिक्सला चिकटवला तर दोन्हींची मोजणी एकात मिसळते आणि पैसे चुकीच्या खात्यात जातात. उलट चूकही होते: तेच मूळ गाणं दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडे नेताना पोरं नवा नंबर घेतात आणि जमलेले सगळे प्ले शून्यावर येतात. रेकॉर्डिंग तेच, तर नंबर तोच.

कव्हरची गोष्ट उलटी, आणि बऱ्याच जणांना ती ऐकून धक्का बसतो. कलम 31सी खाली, म्हणजे मालकाला आगाऊ नोटीस आणि रॉयल्टी देऊन, कव्हर करायची वाट आहे. त्या वाटेनं गेलात तर वेष्टनावर आणि लेबलवर आधीच्या कलाकाराचं नाव किंवा फोटो टाकायला बंदी आहे. ऐकणाऱ्यानं मूळ समजून घेऊ नये, हा हेतू. हे कव्हर आहे असं मात्र छापावंच लागतं. म्हणजे मोठ्या प्रेमानं कव्हर आर्टवर मूळ रॅपरचा चेहरा लावणं हाच घोळ. त्याचं नाव येणार गीतकार म्हणून, कलाकार म्हणून नाही; मुख्य कलाकार तुम्ही. याच कलमात पाच वर्षांची अट आहे. पहिलं रेकॉर्डिंग 2022 सालचं असेल, तर ते वर्ष संपून पुढची पाच पूर्ण वर्षं जाऊ द्यायची, म्हणजे 1 जानेवारी 2028 पासून. वर दरवर्षी किमान 50,000 प्रतींची रॉयल्टी. घरच्या स्टुडिओत माइक लावून बसलेल्याला हे झेपणारं नाही. त्यानं सरळ हक्कमालकाला मेल करावा. शब्दांत फेरफार करायचा असेल, हिंदी रॅप मराठीत आणायचा असेल, तर मेल करावाच लागतो. भाषांतर म्हणजे कव्हर नव्हे, त्याला वेगळी परवानगी.

दुसऱ्याच्या बीटवर स्वतःचे शब्द म्हणजे ना कव्हर, ना रीमिक्स. फ्रीस्टाइल म्हणा आणि बीट कोणत्या गाण्याची ते नावासकट लिहा. बीट नेटवरून लीझवर घेतली असेल तर लायसन्सची पीडीएफ जपून ठेवा आणि गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे गाणं ओळखून हक्काचा दावा (क्लेम) लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, टाकू नका. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असते. त्यातल्या एकानं नोंद केली की उरलेल्यांच्या व्हिडिओवर क्लेम येतो, आणि वाद घालताना ती पीडीएफच कामाला येते. ‘फ्री’ लिहिलेली बीट बहुतेक वेळा फक्त कमाई न करणाऱ्या वापरासाठी फ्री असते. आणि हो, सात सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, असा कुठलाही नियम आपल्या कायद्यात नाही.

सॅम्पलबाबत, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगचा तुकडा आपल्या गाण्यात वापरण्याबाबत, एकच दाखला पुरे. 2002 सालच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ या अमेरिकी गाण्यात ‘ज्योती’ या 1981च्या चित्रपटातलं, लताबाईंनी गायलेलं ‘थोडा रेशम लगता है’ उचललं होतं. संगीतकार बप्पी लाहिरी. त्यांचं नाव श्रेयनामावलीत येत नाही तोवर अल्बमची विक्री थांबवा, असा आदेश 2003 मध्ये तिथल्या न्यायालयानं दिला. सॅम्पल न उचलता तीच धून पुन्हा वाजवून घेतली तर रेकॉर्डिंगच्या मालकाचा प्रश्न मिटतो, संगीतकाराचा नाही. ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये 1979 साली ‘गुड टाइम्स’ची बेसलाइन वादकांकडून वाजवून घेतली होती, तरी गीत-संगीताचं श्रेय नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांना द्यावंच लागलं.

आपल्या पट्ट्यात जास्त घोटाळा होतो तो ‘पारंपरिक’ या शब्दावर. आगरी-कोळी हळदीतलं गाणं हुक, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी ओळ, म्हणून घेतलं, की डोळे मिटून लिहितात: संगीत, पारंपरिक. धवलारणींच्या, म्हणजे लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या बायकांच्या, तोंडी पिढ्यानपिढ्या चालत आलेला धवला असेल तर ठीक. पण हळदीत वाजणारी कितीतरी गाणी कॅसेटच्या जमान्यात कुणीतरी लिहिलेली, कुणीतरी चाल लावलेली आहेत. हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे त्यातली बहुतेक अजून कुणाच्या तरी मालकीची आहेत. कॅसेटचं इनले कार्ड मिळालं तर ते आधी वाचा; गीतकार-संगीतकार बारीक अक्षरात तिथंच असतात. आणि धवला खरोखर पारंपरिक असला, तरी मोबाइलवर तुम्ही टिपलेला आवाज एका बाईचा आहे. तिला आधी विचारा, मानधन द्या आणि गायिका म्हणून तिचं नाव घाला. ‘गावातील महिला’ असं लिहिलेलं क्रेडिट बघितलं की डोकं फिरतं.

वाटे ठरवायचा कागद, स्प्लिट शीट, गाणं बनलं त्याच दिवशी करा. गाण्याचं नाव, प्रत्येकाचं खरं आणि स्टेजवरचं नाव, शब्दांत किती टक्के, संगीतात किती, तारीख, सह्या. बेरीज 100 यायला हवी. तिघांना 33 दिले की उरलेल्या एका टक्क्यावर नोंद अडते. फीचरवाल्यानं, म्हणजे पाहुण्या रॅपरनं, स्वतःचे सोळा बार लिहिले असतील तर तो गीतकारही आहे. हुक गाणाऱ्या मुलीनं तो लिहिला नसेल तर ती फक्त गायिका. मिक्सिंग-मास्टरिंगवाल्याचं नाव त्याच्या रकान्यात टाका, त्याला संगीतात वाटा नसतो.

चुकीचं क्रेडिट घेऊन गाणं बाहेर पडलं असेल तर ते काढून पुन्हा चढवू नका. डिस्ट्रिब्युटरकडे मेटाडेटा, म्हणजे गाण्यासोबतची नाव-क्रेडिटची माहिती, बदलायची विनंती टाका. आयएसआरसी आणि युपीसी (अल्बमचा किंवा सिंगलचा नंबर) तेच ठेवून नावं दुरुस्त होतात, फक्त प्रत्येक अ‍ॅपवर दिसायला वेगवेगळे दिवस लागतात. तोवर यूट्यूबचं डिस्क्रिप्शन आजच बदला आणि मूळ गाण्याची लिंक पहिल्या दोन ओळींत आणा. त्याखालचं सगळं ‘आणखी’च्या मागे जातं, आणि ते कुणी उघडत नाही.