कोजागरीच्या रात्रीचा स्फोट

९ ऑक्टोबर २०२२ हा रविवार होता आणि त्या दिवशी कोजागरी पौर्णिमा होती. पवईच्या आयआयटीत उच्च-ऊर्जा खगोलभौतिकीत पीएच.डी. करू लागून मला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. माझा विषय गॅमा किरण स्फोट, म्हणजे सर्वाधिक ऊर्जेच्या प्रकाशाचे अवकाशातील स्फोट. एखाद्या महाकाय ताऱ्याचा गाभा ढासळून कृष्णविवर बनते, तेव्हा त्यातून प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ पोहोचलेला झोत बाहेर पडतो. तो नेमका आपल्या दिशेने रोखलेला असेल, तर काही सेकंद किंवा काही मिनिटे तो एकटा बिंदू गॅमा किरणांत उरलेल्या साऱ्या आकाशाला भारी पडतो. असा स्फोट जवळजवळ रोज एखादा नोंदला जातो. उपग्रहांकडून येणाऱ्या सूचनांचे ईमेल त्यामुळे दिवसभर येत राहतात, आणि नावावर नजर टाकून त्यांतले बहुतेक बाजूला सारण्याची सवय संशोधक विद्यार्थ्याला पहिल्या सहा महिन्यांतच लागते.

त्या रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर दूध आटत होते आणि चारोळ्या निवडण्याचे काम माझ्याकडे आले होते. फोनवर असे स्फोट शोधणाऱ्या स्विफ्ट उपग्रहाची सूचना दिसली. शर तारकासमूहात, म्हणजे अभिजित आणि श्रवण या ताऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात, क्ष-किरणांत आणि दृश्य प्रकाशातही तेजस्वी असा नवा स्रोत सापडला होता आणि त्याला ‘स्विफ्ट जे१९१३.१+१९४६’ असे नाव दिले होते. गॅमा किरण स्फोटाचे नाव ‘जीआरबी’ या अक्षरांनी सुरू होऊन पुढे तारीख येते. हे नाव मात्र आकाशातील स्थानावरून दिलेले, आपल्याच आकाशगंगेतील एखाद्या क्ष-किरण जोडताऱ्याला, म्हणजे एकमेकांभोवती फिरत क्ष-किरण फेकणाऱ्या जोडीला, शोभेल असे होते. शिवाय ती जागा आकाशगंगेच्या प्रतलापासून, म्हणजे तिच्या चकतीच्या मधल्या पातळीपासून, जेमतेम ४ अंशांवर, ताऱ्यांच्या आणि धुळीच्या गर्दीत होती. हा आपला विषय नव्हे, असे ठरवून मी फोन खिशात ठेवला आणि दुधात केशर घातले. त्या ठरवण्याला पुरती दहा सेकंदेही लागली नसावीत.

मध्यरात्र उलटून गेल्यावर माझ्या मार्गदर्शक मॅडमचा निरोप आला : “जागी आहेस का?” कोजागरीच्या रात्री हा प्रश्न देवीने विचारायचा असतो, एवढे सुचून हसू येईपर्यंत पुढचा निरोप आला आणि हसू मावळले. तो स्रोत आपल्या आकाशगंगेतला नव्हताच. गॅमा किरण टिपणाऱ्या फर्मी उपग्रहाने भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ६ वाजून ४७ मिनिटांनी त्याच दिशेला एक विलक्षण प्रखर स्फोट नोंदला होता. त्या वेळी स्विफ्ट आणि तो स्रोत यांच्या मध्ये पृथ्वी होती. स्विफ्टने ७ वाजून ४० मिनिटांनी जे पाहिले, ती स्फोटानंतर उरलेली धग होती, आणि तब्बल ५३ मिनिटांनंतरही ती एवढी प्रखर होती की उपग्रहाला ती नव्याने उजळलेली वस्तू वाटली. स्रोताचे नाव बदलून जीआरबी २२१००९ए झाले.

मी प्रयोगशाळा गाठली. फर्मीचा डेटा सर्वांसाठी खुला असतो; तो हाती येताच मी स्फोटाचा प्रकाश-आलेख, म्हणजे वेळेनुसार तेज कसे बदलले त्याचा आलेख, काढला. सुरुवातीला एक साधासा ठोका होता, तेवढाच असता तर त्याची कोणी विशेष दखल घेतली नसती. मग जवळजवळ तीन मिनिटे शांतता, आणि त्यानंतर आलेख असा चढला होता की मला उभ्या अक्षाचे प्रमाण दोनदा बदलावे लागले. शिखराच्या ठिकाणी मात्र टोक दिसत नव्हते. माथा सपाट होता. झोत ठरावीक मर्यादेला पोहोचला की ऊर्जा स्थिर राहते, असा एक तर्क मी तिथल्या तिथे बांधला, दोन पाने लिहिली आणि उजाडायच्या आत मॅडमना पाठवूनही दिली.

त्यांचा फोन सात वाजता आला. “तो माथा ताऱ्याचा नाही गं, उपकरणाचा आहे. डिटेक्टर आंधळा झालाय तिथे.” मी ते ओळखायला हवे होते. फर्मीवरील त्या यंत्रणेतील १४ डिटेक्टरांपैकी प्रत्येकाला एक नोंद पुरी करायला २.६ मायक्रोसेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधीत दुसरा फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, आला तर तो हुकतो किंवा आधीच्या फोटॉनमध्ये मिसळून खोटी ऊर्जा दाखवतो. एरवीच्या स्फोटात हा दोष गणिताने निस्तरता येतो. इथे फोटॉनांचा लोंढाच असा होता की किती आले आणि किती मोजले गेले यांचा मेळ बसत नव्हता. स्फोटाच्या सुरुवातीपासून २१९ ते २७७ सेकंद हा, म्हणजे सर्वांत तेजस्वी टप्पा, नेहमीच्या पद्धतीने वापरू नये, असे फर्मीच्या चमूनेच पुढे स्पष्ट केले. ती दोन पाने मी अजून पुसलेली नाहीत. वार्षिक प्रगती चर्चासत्रात समितीपुढे बसण्याआधी ती एकदा वाचते.

पुढच्या महिन्यांत हा स्फोट किती मोठा होता ते उलगडत गेले. त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सुमारे १९० कोटी वर्षे लागली होती. चीनमधील लासो वेधशाळेने त्यातून आलेले टेराइलेक्ट्रॉनव्होल्टच्या पल्ल्यातील, म्हणजे प्रचंड ऊर्जेचे, फोटॉन हजारोंच्या संख्येने टिपले. पृथ्वीवरून असा प्रखर स्फोट दहा हजार वर्षांतून एखाद्या वेळी दिसत असावा, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या प्रबंधातील एक प्रकरण आता त्या सपाट माथ्याच्या दोन्ही कडांवर, म्हणजे डिटेक्टर आंधळा होण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या सेकंदांवर उभे आहे.

या स्फोटाच्या आयनांबरावर, म्हणजे पृथ्वीच्या वातावरणातील वरच्या विद्युतभारित थरावर, झालेल्या परिणामाची आकडेमोड करताना मी एकदा सहज हिशेब करून पाहिला की ६ वाजून ४७ मिनिटांनी हा स्रोत पृथ्वीवर नेमका कुठे माथ्यावर होता. उत्तर आले ७१ अंश पूर्व रेखांश आणि २० अंशांच्या किंचित खाली उत्तर अक्षांश, म्हणजे मुंबईच्या पश्चिमेला अरबी समुद्रात. पवईतून तो डोक्यावरच्या बिंदूपासून फक्त सुमारे २ अंशांवर होता. सूर्य नुकता मावळला होता, पूर्वेला चंद्र वर आला होता, आणि मी गच्चीवर सतरंजी झटकत उभी होते.