मोटू, हुला आणि मागोरी: पापुआच्या किनाऱ्यावर भाषांचं नातं कसं ठरवतात

पापुआ न्यू गिनीच्या राजधानीत, पोर्ट मोर्झबीत नोकरीसाठी आलेल्या माणसाचं इंग्रजी आणि टोक पिसिन (देशभर चालणारी संपर्कभाषा) या दोन भाषांवर सहज भागतं. पण शहराला लागूनच, हानुआबादासारख्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या वस्त्यांत मोटू बोलली जाते. किनाऱ्याने वायव्येला गेलं की गाबादी, नारा, रोरो आणि मेकेओ लागतात. आग्नेयेला सिनाउगोरो आणि केआपारा, म्हणजे हूड पॉइंटजवळच्या हुला गावाची बोलीही त्यात आली. आणखी बरंच पुढे, टेबल बेच्या बाजूला, मागोरी. या सगळ्यांना मिळून मध्य पापुआ गट म्हणतात. पापुआ न्यू गिनीत आठशेहून जास्त भाषा आहेत, त्यांत हा गट इवलासा. तरीही भाषांचं वर्गीकरण कसं करतात आणि कुठे फसतं हे समजून घ्यायला यासारखा गट सापडणार नाही, असं आमचं ठाम मत आहे.

हा गट ऑस्ट्रोनेशियन कुटुंबातल्या ओशिअॅनिक शाखेचा, म्हणजे फिजी, सामोआ, हवाई इथल्या भाषांचा नातलग. त्याच्या पाठीला टेकून कोइता, कोइआरी, तोआरिपी, माइलू अशा भाषा आहेत, ज्यांचं या कुटुंबाशी काही नातं नाही. त्यांना पापुअन म्हणतात. भाषाअभ्यासक सिडनी रे यांनी १८९० च्या दशकात हे दोन थर वेगळे काढले. मोटू आणि कोइता लोक तर पिढ्यान् पिढ्या एकाच गावात राहतात, आपसांत लग्नं करतात. उसनवारीला यापेक्षा अनुकूल परिस्थिती कुठली?

काम सुरू होतं शब्दयादीपासून. साधारण दोनशे मूलभूत शब्द: शरीराचे अवयव, नातीगोती, एक ते दहा, सर्वनामं, पाणी, आग, मरणे, खाणे. परदेशी माणसाला त्याआधी संशोधनाचा व्हिसा, प्रांताची परवानगी आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा होकार लागतो. प्रत्येक गावात किमान दोन-तीन जाणकार हवेत. प्रत्येकाचं जन्मगाव, आईची भाषा आणि जोडीदाराची भाषा आधी लिहून घ्यायची, कारण लग्न करून दुसऱ्या गावाहून आलेली बाई उत्तम बोलत असली तरी काही शब्द माहेरचेच सांगते. प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून ध्वनिमुद्रित करायचा आणि फाइल दाबून लहान न करता डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवायची. दाबलेल्या फाइलीत बारीक घर्षण आणि कंठ्य अटकाव (घशात हवा क्षणभर अडून होणारा आवाज) नीट ऐकू येत नाहीत, आणि या किनाऱ्यावर नेमके तेच आवाज निर्णायक ठरतात.

पहिली मोठी चूक होते ती अवयव आणि नात्यांच्या शब्दांत. मोटूत असे शब्द मालकाशिवाय सहसा येत नाहीत. ‘मातागु’ माझा डोळा, ‘मातामु’ तुझा डोळा, ‘माताना’ त्याचा किंवा तिचा. विचारणाऱ्याने स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवलं की उत्तर येतं ‘मातामु’, आणि वहीत डोळा म्हणजे मातामु अशी नोंद होते. पुढच्या गावात सांगणारा स्वतःच्या डोळ्याकडे बोट दाखवतो, तिथे ‘गु’वाला शब्द येतो. मग दोन याद्यांत नसलेला फरक दिसतो. उपाय सोपा आहे: असा प्रत्येक शब्द माझा, तुझा, त्याचा अशा तिन्ही रूपांत घ्यायचा. प्रत्यय आपोआप सुटा होतो आणि त्याच्या जोडीने प्रत्ययांची तुलनाही हाती लागते. प्रत्यय सहसा उसने घेतले जात नाहीत, म्हणून वर्गीकरणात त्यांचं वजन शब्दांपेक्षा जास्त.

सर्वनामांत मराठी माणसाला एक फायदा आहे. मोटूत ‘इता’ म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण आणि ‘आइ’ म्हणजे त्याला वगळून आम्ही. इंग्रजीतून विचारलं तर एकच उत्तर मिळतं आणि कुठलं मिळालं ते कळतही नाही. टोक पिसिनमधून ‘युमी’ आणि ‘मिपेला’ असं वेगवेगळं विचारावं. मात्र आपल्याकडे हा भेद आहे म्हणून मराठी काही मोटूची नातलग होत नाही. रचना सारखी असणं आणि नातं असणं या दोन वेगळ्या गोष्टी, हे वर्गीकरण करणाऱ्याने पहिल्या दिवसापासून मनात पक्कं ठेवावं.

मग येतो कामाचा गाभा: ध्वनींचे नियम. आद्य ओशिअॅनिक म्हणजे या शाखेची मूळ पूर्वज भाषा. तिची पुनर्रचित, म्हणजे तुलनेतून अंदाजाने बांधलेली रूपं तारांकित लिहितात. *तामा (बाप) मोटूत ‘तामा’, *माता (डोळा) ‘माता’, *कुतु (ऊ) ‘उतु’. इथे ‘त’ टिकला. पण *तिना (आई) ‘सिना’ आणि *माते (मरणे) ‘मासे’. म्हणजे इ आणि ए या स्वरांआधी ‘त’चा ‘स’ झाला. (या ‘मासे’चा आपल्या माशांशी काडीचा संबंध नाही. दोनशे शब्दांत दोन-चार असे योगायोग कुठल्याही दोन भाषांत निघतात, म्हणून एकट्या-दुकट्या साम्याला किंमत नाही.) नियम बसला की तोच चाळणीचं काम करतो. मोटूत ‘ति’ किंवा ‘ते’ असलेला शब्द दिसला तर आधी तो उसना असल्याचा संशय घ्यावा. आपल्याकडे ‘हात’ वारशाने आला आणि ‘हस्त’ संस्कृतातून नंतर उचलला, हे जसं ध्वनींवरून कळतं, तसंच हे.

पण शेजारच्या भाषेतही हाच त–स बदल दिसला तर लगेच दोघींना एका फांदीवर बसवू नये. इ-ए आधी ‘त’ मऊ होणं जगभर, एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांत घडतं. जो बदल सहज घडतो, त्याचा पुरावा म्हणून उपयोग कमी.

आकड्यांकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. मोटूत दोन ‘रुआ’, तीन ‘तोइ’, पाच ‘इमा’. हुलात ‘लुआलुआ’, ‘कोइकोइ’, ‘इमाइमा’. मोटूत सहा म्हणजे ‘ताउरातोइ’, तिनाची दुप्पट, आणि आठ ‘ताउराहानि’, चाराची दुप्पट. हुलातही तीच रीत, तिथे दुपटीचा घटक ‘काउला’. आता ही मोजण्याची रीत व्यापारातून पसरू शकते. मोटू लोक ‘हिरी’ नावाच्या वार्षिक सफरीत लागातोइ जहाजांतून मातीची भांडी पापुआच्या आखातात नेत आणि बदल्यात साबुदाण्याचं पीठ आणत. देवघेवीच्या मार्गावर मोजणीच्या पद्धतींची ये-जा व्हायचीच. म्हणून नुसत्या दुपटीच्या रीतीवर भिस्त ठेवू नये, शब्दाच्या आतले ध्वनी बघावेत. मोटूच्या ‘तोइ’ला हुलात ‘कोइ’, ‘ताउरा’ला ‘काउला’, ‘रुआ’ला ‘लुआ’. त–क आणि र–ल या जोड्या पुन्हा पुन्हा तशाच येतात. हुलाने हा शब्द अलीकडे मोटूकडून घेतला असता तर ‘ताउरा’ जवळपास तसाच राहिला असता. तो हुलाच्या स्वतःच्या बदलांतून गेलेला दिसतो, म्हणजे जुना.

‘तोइ’मध्ये आणखी एक खूण आहे. मूळ रूप *तोलु. ‘ल’ गळला हे समजतं, पण शेवटचा ‘उ’ जाऊन ‘इ’ का आला? असा विचित्र बदल दोन भाषांत आपापला घडणं कठीण, म्हणून तो पुरावा म्हणून भारी. मात्र इथे उत्साही माणूस हमखास घसरतो. मिल्ने बे प्रांतातल्या डोबू भाषेतही तीन म्हणजे ‘एतोइ’. म्हणजे हा विचित्र बदल मध्य पापुआ गटाच्या वरच्या पातळीवरचा, पापुअन टिप या मोठ्या समूहाचा. त्यावरून मोटू आणि हुला एकमेकींच्या खास जवळच्या ठरत नाहीत. गटात सापडलेली प्रत्येक खूण गटाबाहेरच्या निदान तीन-चार भाषांत तपासल्याशिवाय वापरायची नाही. *लिमा, *माता असे टिकलेले शब्दही तसेच कुचकामी, ते हवाईपर्यंत सगळीकडे आहेत. एकत्र जपलेल्या गोष्टींनी फांदी सिद्ध होत नाही. एकत्र घडलेल्या नव्या बदलांनी होते.

वाक्यरचनेवर तर अजिबात विसंबू नये. मोटूत ‘मेरो एसे बोरोमा ए-आला-इआ’, शब्दशः मुलगा-ने डुक्कर त्याने-मारलं-त्याला. क्रम अगदी मराठीसारखा, क्रियापद शेवटी. बहुतेक ओशिअॅनिक भाषांत क्रियापद कर्माच्या आधी येतं. या किनाऱ्यावर ते मागे गेलं ते पापुअन शेजाऱ्यांच्या सहवासाने, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं.

मेकेओत अडचण उलटी आहे. वायव्य मेकेओत त-न-स-ल या जागेवरचा एकही स्वतंत्र स्वनिम (शब्दाचा अर्थ बदलू शकणारा ध्वनी) नाही, हे जूलिएट ब्लेव्हिन्स यांनी २००९ मध्ये मांडलं. इतके ध्वनी झिजले की नातलग शब्द नजरेला ओळखू येत नाहीत. मालकी प्रत्यय आणि सर्वनामं यांपासून सुरुवात करून ध्वनींची एकेक जोडी जुळवत जावी लागते.

आणखी वेगळा त्रास मागोरीने दिला. मागोरी आणि तिच्या जवळच्या योबा, बिना, औमा या भाषा मूठभर माणसांच्या होत्या. भोवती मागी, म्हणजे माइलूची पापुअन भाषा, बोलणारे लोक संख्येने आणि व्यापाराने वरचढ. नुसती टक्केवारी काढली तर मागोरीत मागीचे शब्द एवढे दिसतात की तिला पापुअनच म्हणावंसं वाटतं. टॉम डटन यांनी १९७६ मध्ये उसने शब्द वेगळे काढून दाखवलं की खालचा पाया ओशिअॅनिक आहे. म्हणून टक्केवारी काढायचीच असेल तर उसनवारी गाळल्यानंतर काढावी आणि गाळलेल्या प्रत्येक शब्दापुढे कारण लिहावं.

सिनाउगोरोच्या मुलखात आणखी एक गाळणी लागते. तिथे मिशनऱ्यांनी चर्चसाठी मोटूच वापरली. वयस्कर माणसं पाहुण्याला मान देण्यासाठी चर्चमधला शब्द सांगतात. ‘आजी चुलीपाशी काय म्हणायची?’ असं विचारलं की बरेचदा दुसराच शब्द निघतो. दोन्ही लिहावेत.

शेवटी आकृती. माल्कम रॉस यांनी १९८८ च्या ग्रंथात पश्चिम मेलनेशियातल्या अशा अनेक गटांसाठी स्वच्छ वृक्षाऐवजी साखळी मांडली: एका बोलीतून हळूहळू फुटत गेलेल्या, शेजाऱ्याशी संबंध न तुटलेल्या भाषा. एका बदलाची सीमा इथे, दुसऱ्याची पलीकडे, आणि दोन्ही एकमेकींना छेदतात. मोटू तर मधोमध बसलेली, दोन्हीकडे व्यापार करणारी, तिच्याबाबत शंका सर्वांत जास्त. नकाशावर प्रत्येक बदलाची रेघ वेगळ्या रंगाने काढावी. रेघा एकत्र येतील तिथेच फांदी काढावी, आणि जिथे छेदतात तिथे भाषा एका आडव्या ओळीत तशाच राहू द्याव्यात.